जास्त मानधन की कथेच्या बैठकीतली जागा? पुण्यातल्या एका मालिका-लेखिकेचं प्रकरण

धायरीत राहणाऱ्या एका लेखिकेसमोर एकाच आठवड्यात दोन कामं आली. एक, नव्या दैनंदिन मालिकेचे संवाद: आठवड्याला सहा भाग, पडद्यावर स्वतंत्र नाव, मानधन चांगलं. दुसरं, ज्या ज्येष्ठ पटकथाकारांकडे ती उमेदवारी करत होती, त्यांच्या पुढच्या मालिकेत पटकथेला मदत: मानधन पहिल्याच्या निम्म्याहून कमी आणि नाव लागेलच याची हमी नाही. दोन्हीकडे चार दिवसांत कळवायचं होतं. तिचं वय २७. वडील निवृत्तीला टेकलेले, आणि विमा कंपनीतली नोकरी सोडून तिला जेमतेम वर्ष झालेलं.

ती पूर्वी माझ्या पटकथेच्या वर्गाला येत असे, म्हणून सल्ल्याला आली. तिच्या परवानगीनं हे प्रकरण मांडतो आहे. तिचं, निर्मिती संस्थांचं आणि मालिकांचं नाव गाळलं आहे, रकमाही तिच्या सांगण्यावरून दिलेल्या नाहीत. पुण्यात लिहिणारी मुलंमुली नेहमी विचारतात, मालिकेत शिरायचं कसं? शिरकाव होतो. कुणाची तरी ओळख निघते, कुणाला तरी तातडीनं लिहिणारा माणूस हवा असतो. पहिल्या कामानंतर दुसरं कोणतं घ्यायचं, इथे खरी दिशा ठरते, आणि त्या वळणावर या मुलांशी बोलायला कुणी नसतं. म्हणून हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

एकांकिकेतून मालिकेत

नाटक लिहायला शिकायचं तर पुण्यासारखं गाव नाही. महाराष्ट्रीय कलोपासकची महाविद्यालयीन एकांकिकांची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, फिरोदिया करंडक १९७४ पासून. या मुलीनं कॉमर्सला असताना दोन एकांकिका लिहिल्या, त्यातली एक अंतिम फेरीपर्यंत गेली. त्या एकांकिकेतल्या एका मित्राला पुढे मालिकेत भूमिका मिळाली. तिथल्या पटकथाकारांना संवादांसाठी हाताखाली कुणीतरी हवं होतं, त्यानं हिचा नंबर दिला.

पटकथाकारांना सेटवर सगळे दादा म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. त्यांनी फोनवर एक प्रसंग सांगितला: सुनेला नोकरी लागली आहे, सासूला सांगायचं आहे, स्वयंपाकघरात दोघीच आहेत, आणि तिला ते सांगता येत नाही. अडीच मिनिटांचा सीन, दोन तासांत पाठव. तिनं पाठवला. दादांनी त्यातली निम्मी वाक्यं खोडून परत पाठवला आणि खाली लिहिलं, "उद्यापासून रोज."

खोडलेली वाक्यं तिनं मला दाखवली होती. वाईट नव्हती, पण एकांकिकेची होती. अंधारात बसलेला नाटकाचा प्रेक्षक तासभर तुमचा असतो. मालिकेचा प्रेक्षक भाजी निवडतो, मुलांचा अभ्यास घेतो, मध्येच दार उघडायला उठतो. त्यामुळे महत्त्वाची गोष्ट त्याच्या कानावर दोनदा घालावी लागते, आणि दुसऱ्यांदा ऐकताना ती नव्या माणसाच्या नव्या हेतूनं आलेली असावी लागते. शिवाय सेटवर दोन-तीन कॅमेरे लागलेले असतात आणि संकलनात प्रत्येक मोठ्या वाक्यानंतर चेहऱ्यांवरच्या प्रतिक्रिया येतात. एका पात्राला दहा ओळींचं स्वगत दिलं की बाकीच्या पात्रांनी तेवढा वेळ करायचं काय, हा प्रश्न उरतो. हे शिकायला तिला काही महिने लागले. त्या काळात पडद्यावर तिचं नाव नव्हतं. शेवटी शेवटी काही भागांना "संवाद साहाय्य" असं लागलं.

पाटल्यांचा सीन

मालिकेच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन कामं वेगळी लिहिलेली असतात. पुढचे महिने गोष्ट कुठे जाणार, हे कथेत ठरतं आणि वाहिनी त्याला मान्यता देते. मग तीन-चार आठवड्यांचा ट्रॅक, म्हणजे गोष्टीचा तेवढा टप्पा, त्यातून एकेका भागाची वन-लाइन: सीन किती, कुठे, कुणाकुणात, आणि भाग संपताना प्रेक्षकाला कशावर सोडायचं. पटकथाकार ती सीनवार फुलवतो. संवाद सगळ्यात शेवटी येतात. तोवर जवळपास सगळं ठरून गेलेलं असतं, आणि ऐनवेळी जे काही बिघडतं ते मात्र संवादलेखकाच्या टेबलावर येऊन पडतं.

तिनं सांगितलेला एक प्रसंग मला या सगळ्या प्रकरणाची किल्ली वाटतो. मालिकेत सुनेनं धाकट्या भावाच्या फीसाठी आपल्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. मंगळागौरीच्या आदल्या दिवशी सासूनं कपाट उघडायचं, डबा रिकामा निघायचा, भाग तिथे संपवायचा. चित्रीकरणाच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला: सासूचं काम करणाऱ्या बाई नाटकाच्या प्रयोगांसाठी सांगलीला आहेत, दोन दिवस मिळणार नाहीत. सेट लागलेला, बाकीचे नट ठरलेले, चित्रीकरण पुढे ढकलणं अशक्य.

लेखिकेनं रात्रीत सीन बदलला. सासू नातेवाइकांकडे गेली आहे, तिथून फोनवर सांगते, "पाटल्या काढून पुसून ठेव गं, उद्या ऐनवेळी धावपळ नको." सून फोन कानाला धरून रिकाम्या डब्याकडे बघते. चांगला सीन होता, चित्रित झाला असता तर कुणी तक्रार केली नसती.

दादांनी तो बाजूला ठेवला. त्यांनी डबा उघडणारं माणूसच बदललं. सासूऐवजी नवऱ्याला तो रिकामा सापडला. आता नवऱ्याला माहीत आहे, सासूला माहीत नाही, आणि नवऱ्याला कळलंय हे सुनेला माहीत नाही. उद्याच्या मंगळागौरीत तो आईसमोर तिला सांभाळून घेतो आणि ती त्याच्यावरच संशय घेते. एका नटीच्या दोन दिवसांच्या गैरहजेरीतून त्यांनी दोन आठवड्यांची गोष्ट काढली. वाहिनीच्या ईपींना, म्हणजे कार्यकारी निर्मात्यांना, त्यांनी ती फोनवरच ऐकवली आणि मंजुरीही तिथेच मिळवली.

लेखिका त्या फोनवर होती. एरवी तिला अशा बैठकीत घेत नसत, त्या रात्री वेळ नव्हता म्हणून घेतलं. ती मला म्हणाली, "सर, माझा सीन वाईट नव्हता. पण मी अडचण झाकली होती. दादांनी ती वापरली."

संवादलेखन दुय्यम आहे असं मी मुळीच म्हणत नाही. लोक वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात ते संवादच. पण मालिकेच्या धंद्यात एक गोष्ट उघड दिसते. दर गुरुवारी बार्कचे, म्हणजे मालिका किती लोकांनी पाहिली याचे आकडे येतात. ते दोन-तीन आठवडे घसरले की काहीतरी बदललं पाहिजे असा दबाव निर्माण होतो, आणि बदलायला सगळ्यात सोपा माणूस म्हणजे संवादलेखक. पटकथा तयार असते, नवा माणूस तीन दिवसांत लिहायला लागतो. ज्याच्या डोक्यात पुढच्या महिन्याची गोष्ट आहे, त्याला असं हलवणं निर्मात्याला परवडत नाही.

पहिल्या कामाची ओढ खरी होती

तरीही पहिलं काम सहज नाकारण्यासारखं नव्हतं. ती मालिका साताऱ्याकडच्या गावात घडणारी होती, आणि वाहिनीला गावाकडची भाषा कानानं जाणणारी लेखिका हवी होती. हिचं आजोळ भोरजवळ. आजीकडे तिच्या सगळ्या सुट्ट्या गेल्या. मालिकांमध्ये "गावरान" म्हणून जी भाषा वापरतात, तिच्यात बरेचदा एकाच घरातला थोरला "करायलाय" म्हणतो आणि धाकटा "करून राहिला" म्हणतो, म्हणजे एक कोल्हापूर-सोलापुराकडचा आणि दुसरा थेट विदर्भातला. या मुलीला ते ऐकवत नसे. ते काम तिनं उत्तमच केलं असतं. म्हणून पैशाचा मोह विरुद्ध कलेची निष्ठा अशी मांडणी मी तिला करू दिली नाही. दोन्ही कामं चांगली होती. कोणत्या कामानं तिसरं काम मिळेल, एवढंच बघायचं होतं.

आम्ही आधी पैशांचा हिशोब मांडला, कारण घरातला वाद त्यावरच अडला होता. सोमवार ते शनिवार मालिका म्हणजे महिन्याला साधारण २६ भाग. मानधन भागावर. पहिल्या संस्थेच्या करारात पैसे प्रक्षेपणानंतर ९० दिवसांनी, दहा टक्के टीडीएस कापून. भागांची बँक, म्हणजे प्रक्षेपणाआधी तयार ठेवलेला साठा, तीन आठवड्यांची. म्हणजे जूनच्या सुरुवातीला लिहिलेला भाग जूनच्या शेवटी दिसणार आणि त्याचे पैसे सप्टेंबरच्या शेवटी येणार. पहिले चार महिने हातात शून्य. वर्षाअखेर बेरीज मोठी, पण तिथवर टिकायचं कसं हा प्रश्न होता. दादांच्या कामात रक्कम लहान, पण ते स्वतःच्या मानधनातून दर महिन्याला देणार होते.

वडील म्हणत होते, "टीव्हीवर नाव लागतंय ना? मग तेच घे." त्यांना नातेवाइकांना दाखवायला काहीतरी हवं होतं, आणि त्यात चूक काहीच नाही. मुलीनं कायमची नोकरी सोडल्यापासून तेच सगळ्यांना उत्तरं देत होते. आईनं कागद बघितला आणि विचारलं, "आणि दिवाळीपर्यंत घरात किती देशील तू?" त्या प्रश्नानंतर घरातलं बोलणं मार्गावर आलं.

प्रवासाचं गणित उलटं निघालं. जास्त पैशाचं काम धायरीत बसून करता येणार होतं. कमी पैशाच्या कामासाठी आठवड्यातून दोनदा गोरेगाव गाठावं लागणार होतं: पहाटे धायरीहून स्टेशन, सव्वासातची डेक्कन क्वीन, दादरला उतरून पश्चिम रेल्वे, आणि रात्री शिवनेरीनं परत. पुण्यात राहून मालिका लिहिता येते का, या प्रश्नाचं माझं उत्तर यावरूनच बनलं आहे. संवाद पुण्यात बसून लिहिता येतात. कथेची बैठक मात्र अजून समोरासमोर लागते. व्हिडिओ कॉलवर बैठका होतात, पण वाहिनीची माणसं निघून गेल्यावर चहा पिताना जे ठरतं, ते कॉलवर असलेल्याला कळत नाही.

सल्ला, आणि तिनं त्यातलं काय घेतलं

मी दुसरं काम घ्यायला सांगितलं, पण अटींवर. दर वाढवून मागू नकोस, जागा माग. वाहिनीबरोबरच्या ट्रॅकच्या बैठकीला तू बसणार. तू लिहिलेला खर्डा मेलवर तुझ्या नावानं जाणार. प्रवासखर्च वेगळा. आणि पटकथेत पहिल्या भागापासून नाव.

शेवटचं तिनं ऐकलं नाही. दादांना ते अपमानास्पद वाटेल, असं तिचं म्हणणं होतं. तिनं ५० भागांनंतर "पटकथा साहाय्य" असं श्रेय लेखी मागून घेतलं. मला आजही वाटतं की पहिल्यापासून मागायला हवं होतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नं लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क दिला आहे, तो कुणी मेहरबानीनं द्यायचा नसतो. पण दादांबरोबर रोज काम तिला करायचं होतं, म्हणून निर्णय तिचा.

तिला कराराची भाषा वाचायची भीती वाटत होती, तेव्हा आम्ही एक संध्याकाळ त्यावर घालवली. नव्या लेखकांनी यातल्या काही गोष्टी माहीत करून घ्यायलाच हव्यात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हापासून चित्रकृतीत वापरलेल्या लेखनाच्या लेखकाला, चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीतला वाटा करारानं सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. हक्क हस्तांतर करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच छापील करारात "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगभर" हे शब्द हटकून असतात. ते शब्द दिसले की थांबून विचारावं. नवख्याला ते बदलून मिळतीलच असं नाही, पण आपण काय सही करतो आहोत हे कळलेलं असावं.

तिच्याकडे स्वतःच्या मालिकेची एक कल्पनाही होती आणि ती बैठकीत बोलावी का, असं तिनं विचारलं. कल्पनेवर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात ते स्पष्ट केलं आहे. संरक्षण मिळतं ते मांडणीला. म्हणून एका ओळीची कल्पना चहावर सांगू नये. पात्रं, त्यांचे संबंध, पहिल्या काही महिन्यांचे ट्रॅक, काही सीन असं पंधरा-वीस पानं लिहावं आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदवावं. ही लेखकांची कामगार संघटना आहे. सभासद झालं की पुण्यात बसून ऑनलाइन नोंदणी होते. या नोंदणीनं मालकी सिद्ध होत नाही, पण अमुक तारखेला हे लेखन तुमच्याकडे होतं याचा पुरावा राहतो. वाद झाला तर संघटनेची तंटा निवारण समितीही आहे. तिनं सभासदत्व त्याच आठवड्यात घेतलं.

पहिलं काम नाकारताना ती मेसेज पाठवून मोकळी झाली नाही. तिथल्या क्रिएटिव्ह हेडना फोन करून म्हणाली, "ताई, मालिका मला खूप आवडली आहे, पण पटकथा शिकायची संधी आली आहे, ती सोडवत नाही. भाषेसाठी तुम्हाला दोन नावं सुचवू का?" त्यातल्या एकीलाच ते काम मिळालं, तीही पुरुषोत्तमची लेखिका.

पुढे काय झालं

नाकारलेली मालिका चांगली चालली, अजून चालू आहे. तिचे संवाद लिहिणारी मैत्रीण टिकून आहे, तिच्या भाषेचं कौतुक होतं. दादांची मालिका मात्र आठ महिन्यांत बंद पडली. आधी वेळ बदलली, मग आकडे घसरले, मग एका महाएपिसोडनं जरा उचल घेतली आणि महिन्याभरात गाशा गुंडाळायचा निरोप आला. पैशांच्या बाजूनं पाहिलं तर तिची निवड त्या वर्षी तोट्याची ठरली, हे मी तिच्या वडिलांपाशीही लपवलं नाही.

त्या आठ महिन्यांत तिनं काय केलं, ते मात्र सांगायला हवं. सुरुवातीला ती बैठकीत फक्त लिहून घेत असे. तिसऱ्या महिन्यात नणंदेचा ट्रॅक अडला. वाहिनीला नणंद खलनायिका हवी होती, नटीला ते रंगवता येत नव्हतं. लेखिकेनं सुचवलं की नणंदेला वाईट करू नका, तिला खरं बोलणारी करा. ती जे बोलेल ते नेहमी खरं असेल, फक्त नेहमी चुकीच्या वेळी आणि चुकीच्या माणसासमोर. घरात तेवढीच आग लागेल आणि नटीला खोटं हसावंही लागणार नाही. ईपींनी तिला तिथल्या तिथे पुढचे सहा भाग सांगायला लावले. तिनं सांगितले, अडखळत, पण सांगितले. त्यानंतर ट्रॅक ऐकवायचं काम हळूहळू तिच्याकडे आलं.

आमच्याकडच्या नाटकवाल्या मुलांना लिहिता येतं, वाचून दाखवताही येतं. पण वाहिनीची चार माणसं मध्येमध्ये फोन बघत असताना, कागद न बघता गोष्ट सांगायची आणि कुणी "हे आधी झालंय" म्हणालं की त्याच क्षणी ती वळवायची, याची सवय नसते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये (एफटीआयआय) पटकथालेखन शिकवतात, पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटकाचं पद्धतशीर शिक्षण मिळतं. दोन्हींबद्दल मला आदर आहे. पण हे कौशल्य त्या खोलीत बसूनच येतं. मी आता माझ्या वर्गात दर आठवड्याला प्रत्येकाला दहा मिनिटं गोष्ट तोंडी सांगायला लावतो आणि बाकीच्यांना मध्ये तोडायला सांगतो.

मालिका बंद झाली तेव्हा लिहून, मंजूर होऊन पडलेले बँकेतले भाग दाखवलेच गेले नाहीत. दादांचा करार प्रक्षेपणावर होता, त्यामुळे त्या भागांचे पैसे त्यांना मिळाले नाहीत, आणि हिचा शेवटचा महिना त्यातच अडकला. दादांकडे तगादा लावायला तिला धीर होत नाही, कारण त्यांचेच बुडाले आहेत. मी तिला एवढंच सुचवलं आहे की थकलेली रक्कम तारखेसह एका मेलमध्ये लिहून ठेव, शब्द सौम्य असले तरी चालतील. तो मेल अजून गेलेला नाही.

मालिका बंद झाल्यावर दोन महिने काम नव्हतं. मग त्याच वाहिनीच्या ईपींचा फोन आला, दादांना नाही, थेट तिला. दुसऱ्या एका चालू मालिकेची पटकथा, स्वतंत्र नावानं. करार माझ्याकडे न येता तिनं स्वतः वाचला आणि दोन बदल मागितले. पैसे प्रक्षेपणाऐवजी भागाच्या मंजुरीपासून ४५ दिवसांत, हा बदल मिळाला. दुसरा, अन्यत्र काम करायचं नाही या कलमाचा. संस्थेला करार संपेपर्यंत तिनं दुसऱ्या कोणत्याही वाहिनीसाठी काहीच लिहू नये असं हवं आहे. तिनं ते त्याच वेळेला लागणाऱ्या मराठी दैनंदिन मालिकांपुरतं मर्यादित करायला सांगितलं आहे, म्हणजे नाटक, वेब मालिका आणि तिची ती नोंदवलेली कल्पना मोकळी राहील. संस्थेच्या वकिलांचं उत्तर यायचं आहे. तोपर्यंत तिनं सही केलेली नाही, पण पहिल्या दहा भागांच्या वन-लाइन लिहून तयार आहेत.